बाबांची मूर्ती घडवणारे बाळाजी वसंत तालीम





आपण उज्जैनची मंडळी. आपला महाकाल स्वयंभू, म्हणून मूर्ती कोणी घडवली हा प्रश्न आपल्या मनात सहसा येतच नाही. पण शिर्डीला समाधी मंदिरात रांगेतून पुढे सरकत आपण ज्या मुखाकडे एकटक बघत राहतो, ते मुख एका माणसाच्या हातून घडलं आहे. त्यांचं नाव बाळाजी वसंत तालीम.

तालीम यांचा जन्म 1888 चा. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत ते शिकले आणि पुढे मुंबईतच त्यांनी आपला स्टुडिओ चालवला. माणसाचा हुबेहूब चेहरा घडवण्यात त्यांचा हातखंडा होता. सूतकताईच्या त्या दिवसांतलं त्यांचं ‘टकळी’ हे शिल्प कलेच्या जगात आजही नावाजलं जातं.

साईबाबांनी 1918 साली विजयादशमीला देह ठेवला. नागपूरच्या बुटींनी मुरलीधरासाठी बांधायला घेतलेल्या वाड्यात त्यांची समाधी झाली. पुढची 36 वर्षं तिथे बाबांच्या तसबिरीचीच पूजा होत असे. मग मूर्ती करायचं ठरलं. भक्त असं सांगतात की इटलीहून आलेला एक पांढराशुभ्र संगमरवर मुंबईच्या बंदरात पडून होता, त्याला मालकच नव्हता. तोच पुढे शिर्डीच्या कामी आला आणि काम तालीम यांच्याकडे आलं.

आता त्यांची अडचण लक्षात घ्या. राम, कृष्ण, गणपती यांची रूपं शास्त्राने आणि परंपरेने ठरलेली आहेत. पण बाबांना डोळ्यांनी पाहिलेली माणसं अजून हयात होती. ज्यांच्या हातावर बाबांनी शेवटी नऊ नाणी ठेवली, त्या लक्ष्मीबाई शिंदे शिर्डीतच होत्या. मूर्ती कितीही देखणी झाली आणि या लोकांना त्यात आपले बाबा दिसले नाहीत, तर काय उपयोग? आणि तालीम यांच्या हाताशी काय, तर जुने कृष्णधवल फोटो! फोटोत एकच बाजू दिसते. मूर्तीला मात्र कान, मान, पाठ, सगळंच लागतं.

त्यातून संगमरवराचं काम फार कठीण. मातीत चूक झाली तर थोडी माती लावून सुधारता येते. दगडातून जे एकदा निघालं ते पुन्हा लावता येत नाही. म्हणून शिल्पकार आधी मातीत रूप साधतो, मग साच्यातून प्लास्टरची प्रत काढतो, आणि तिची मापं घेत घेत छिन्नी चालवतो.

भक्तांमध्ये एक आठवण सांगितली जाते. चेहरा मनासारखा साधेना, तेव्हा तालीम यांनी बाबांनाच साकडं घातलं आणि बाबांनी त्यांना दर्शन दिलं. मूर्ती पूर्ण होत आली तेव्हा डाव्या गुडघ्याखालच्या जादा दगडातून पोकळ आवाज येऊ लागला. घाव घातला तर मूर्ती भंगेल, म्हणून कारागीर हात लावेनात. तालीम प्रार्थनेला बसले, मग उठून त्यांनी तेवढा भाग काढायला लावला. मूर्ती सुखरूप राहिली.

7 ऑक्टोबर 1954, पुन्हा विजयादशमी. स्वामी साईशरणानंदांच्या हस्ते मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. त्यांनी स्वतः बाबांचा सहवास अनुभवला होता. तालीम तेव्हा 66 वर्षांचे होते. ते 1970 साली गेले. त्यांचे चिरंजीव हरीश तालीम हेही शिल्पकार झाले.

आज गावोगावच्या साईमंदिरांत आणि आपल्यातल्या कितीतरी देवघरांत जे पांढरं रूप दिसतं, ते बहुतेक याच मूर्तीवरून घेतलेलं. बाबांना न पाहिलेल्या आपल्या पिढ्यांना बाबा ओळखू येतात, त्यात तालीम यांचा केवढा वाटा! पण हात जोडताना त्यांचं नाव कोणाच्या मनात येत नाही. मला वाटतं, यापेक्षा मोठी पावती नाही. सेवा अशी व्हावी की समोरच्याला फक्त गुरू दिसावेत, करणारा दिसू नये.

पुढच्या वेळी शिर्डीला गेलात की मुलांना हे नाव जरूर सांगा. आपल्या फॅमिली ग्रुपवरही पाठवा.

— एक सेविका, उज्जैन