कावीळ शोधायला न निघालेला माणूस

रक्ताच्या एका तपासणीच्या नावात ‘ऑस्ट्रेलिया’ का आहे? जगातली पहिली कॅन्सररोधक लस ज्याच्या संशोधनातून आली, त्या बारूक ब्लूमबर्ग यांची ही गोष्ट.

दर वर्षी २८ जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन असतो. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर पोस्टर लागतं, एनएसएसची मुलं रॅली काढतात, इन्स्टावर दोन-चार स्टोऱ्या पडतात. पण २८ जुलैच का? कारण १९२५ मध्ये याच तारखेला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात बारूक ब्लूमबर्ग यांचा जन्म झाला.

गंमत म्हणजे ब्लूमबर्ग हिपॅटायटिसचे डॉक्टर नव्हतेच. त्या विषाणूच्या मागे ते कधी लागलेही नव्हते. त्यांना पडलेला प्रश्न वेगळाच होता. एकाच गावात, एकच पाणी पिणाऱ्या, तेच डास चावणाऱ्या दोन माणसांपैकी एक आजारी पडतो आणि दुसऱ्याला काहीच होत नाही, असं का?

फिजिक्स, मॅथ्स आणि मग मेडिकल

बारूकचे वडील वकील. घर ज्यू. लहानपणी तो ज्यू धार्मिक शाळेत शिकला, पुढे न्यूयॉर्कमधल्याच फार रॉकअवे हायस्कूलमध्ये गेला. फिजिक्सवाल्यांचा हिरो रिचर्ड फाइनमन याच शाळेचा विद्यार्थी. दुसरं महायुद्ध सुरू होतं, म्हणून बारूक नौदलात भरती झाला. तिथे असतानाच युनियन कॉलेजातून १९४६ मध्ये फिजिक्सची डिग्री घेतली. मग कोलंबिया विद्यापीठात गणितात एमएला प्रवेश. वर्षभरात वडिलांनी सुचवलं, मेडिकलला जा. आणि गडी चक्क गेला! स्ट्रीम बदलली म्हणून आपल्याकडे घरात जो गोंधळ होतो, त्याच्या अगदी उलट सीन.

मेडिकलचं शिक्षण सुरू असताना ब्लूमबर्ग काही महिने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेले. मोएंगो नावाचं खाणींचं गाव, जायला फक्त नदीची वाट. तिथे त्यांनी बाळंतपणं केली, मलेरियाचा सर्व्हे केला. उसाच्या मळ्यांवर राबायला जगभरातून माणसं आणली गेली होती. त्यांत भारतातून नेलेले मजूर होते, जावाचे होते, आफ्रिकेतले होते, चिनी होते. हत्तीरोगाची लागण सगळीकडे होती, पण कुणाचे पाय सुजून खांबासारखे व्हायचे, तर कुणाला पत्ताही नसायचा. वर सांगितलेला प्रश्न त्यांना इथे पडला आणि तो आयुष्यभर सुटला नाही.

पांढरी रेघ

१९५१ मध्ये डॉक्टर झाल्यावर ब्लूमबर्ग यांनी ऑक्सफर्डमधून बायोकेमिस्ट्रीत डॉक्टरेट केली. १९५७ पासून अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये आणि १९६४ पासून फिलाडेल्फियाच्या कॅन्सर संशोधन संस्थेत ते काम करू लागले. कामाची पद्धत साधी होती. जगभर फिरायचं, वेगवेगळ्या लोकांच्या रक्ताचे नमुने जमवायचे आणि त्यांच्यात जन्मजात काय फरक आहेत ते बघायचं.

हे फरक पकडायचे कसे? त्यांनी एक शक्कल लढवली. हिमोफिलियाच्या रुग्णांना वारंवार दुसऱ्यांचं रक्त द्यावं लागतं. त्या रक्तात एखादं अनोळखी प्रोटीन असेल, तर रुग्णाचं शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. मग अशा रुग्णाचं सीरम आमिषासारखं वापरायचं. जेलीच्या चकतीवर छोटे खड्डे करायचे, मधल्या खड्ड्यात हे सीरम, भोवती जगभरातले नमुने. अँटिबॉडी आणि प्रोटीन समोरासमोर आले की दोघांच्या मध्ये एक बारीक पांढरी रेघ उमटते.

ब्लूमबर्ग आणि हार्वी ऑल्टर हे तरुण डॉक्टर मिळून हे काम करत होते. न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलिया रुग्णाच्या सीरमची रेघ जुळली ती थेट ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्ताशी. म्हणून त्या प्रोटीनचं नाव पडलं ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’. १९६५ मध्ये त्यावरचा पेपर छापून आला.

अंदाज चुकला, तिथून पुढे

हे अँटिजेन नेमकं काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. ब्लूमबर्ग यांचा अंदाज होता की ते डोळ्यांच्या रंगासारखं आनुवंशिक असावं. अमेरिकेत ते रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये जास्त दिसलं. डाउन सिंड्रोम असलेल्यांना रक्ताच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो, म्हणून त्यांची तपासणी केली, तर तिथेही ते सापडलं. थिअरी अगदी फिट बसत होती.

आणि १९६६ मध्ये ती कोसळली. डाउन सिंड्रोम असलेल्या एका रुग्णाची टेस्ट आधी निगेटिव्ह होती, ती नंतर पॉझिटिव्ह आली. आनुवंशिक गोष्ट अशी अधूनमधून उगवत नाही. त्याच्या इतर तपासण्या केल्यावर कळलं की दरम्यान त्याच्या लिव्हरला सूज आली होती. म्हणजे हिपॅटायटिस.

पुढच्याच वर्षी लॅबमधल्या एका महिला तंत्रज्ञाला बरं वाटेनासं झालं. तिने स्वतःच्याच रक्ताची टेस्ट लावली. फिकट रेघ उमटली आणि पाठोपाठ तिला कावीळ झाली. सुदैवाने ती पूर्ण बरी झाली. या टेस्टने पकडलेली विषाणूजन्य हिपॅटायटिसची ही पहिली केस मानली जाते.

ब्लूमबर्ग यांचा मोठेपणा मला इथे दिसतो. आपल्या थिअरीला चिकटून राहणं सोपं होतं. त्यांनी ती सोडली आणि हे अँटिजेन हिपॅटायटिसच्या विषाणूचा भाग असावं, अशी नवी मांडणी केली. सुरुवातीला फार कुणी विश्वास ठेवला नाही, कारण विषाणू सापडल्याचे दावे याआधीही होऊन विरले होते. पण इतर देशांतल्या संशोधकांचे निष्कर्ष जुळत गेले. १९७० मध्ये लंडनच्या डेव्हिड डेन यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली अख्खा विषाणू पाहिला. ते अँटिजेन म्हणजे या हिपॅटायटिस बी विषाणूचं वरचं कवच होतं.

याचा पहिला फायदा झाला रक्तपेढ्यांना. रक्त देण्याआधी तपासणं शक्य झालं आणि रक्तातून होणारी ही लागण झपाट्याने घटली.

कावीळ ते कॅन्सर

पण हिपॅटायटिस बीचा खरा धोका काविळीत नाही. मोठ्या माणसाला लागण झाली, तर बहुतेक वेळा शरीर विषाणूला हुसकावून लावतं. जन्मतः आईकडून लागण झालेल्या १० पैकी ९ बाळांमध्ये मात्र तो कायमचा मुक्काम ठोकतो. दुखत नाही, खुपत नाही. शरीर विषाणूशी लढताना लिव्हरच्याच पेशी मारतं, जखमा भरतात, व्रण राहतात. वर्षानुवर्षं हे चाललं की सिरॉसिस होतो. शिवाय विषाणूचा डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएत घुसू शकतो. तीस-चाळीस वर्षांनी एक दिवस पोट फुगतं, वजन उतरतं आणि रिपोर्टमध्ये लिव्हरचा कॅन्सर येतो.

ब्लूमबर्ग यांच्या टीमने सेनेगलमध्ये लिव्हरच्या कॅन्सरच्या रुग्णांची कुटुंबं तपासली. रुग्णांच्या आयांमध्ये हा विषाणू इतर बायकांपेक्षा जास्त आढळला. म्हणजे पन्नाशीत दिसणाऱ्या कॅन्सरची सुरुवात पाळण्यातच झालेली असू शकते. पक्का पुरावा आला तैवानमधून. तिथे पामर बीझ्ली आणि सहकाऱ्यांनी २२,७०७ पुरुषांवर काही वर्षं लक्ष ठेवलं. १९८१ मध्ये निष्कर्ष छापून आले, तोवर ४१ जण लिव्हरच्या कॅन्सरने गेले होते. त्यांतले ४० जण हिपॅटायटिस बीचे वाहक होते.

मग उपाय? तो ब्लूमबर्ग आणि अर्विंग मिलमन यांनी १९६९ मध्येच सुचवला होता. वाहकाच्या रक्तात विषाणूची रिकामी कवचं भरपूर असतात. ती गाळून, शुद्ध करून टोचली तर शरीराला सराव होईल, पण आजार होणार नाही. लस अशी माणसाच्या रक्तातून काढायची, ही कल्पनाच त्या काळी विचित्र होती. त्यांनी पेटंटचा अर्ज केला, पण औषध कंपन्यांनी सुरुवातीला फारसा रस घेतला नाही. शेवटी मर्क कंपनीने काम हाती घेतलं आणि १९८१ मध्ये अमेरिकेत लशीला मंजुरी मिळाली. १९८६ मध्ये यीस्टमध्ये तयार होणारी लस आली, मग माणसाच्या रक्ताची गरजच उरली नाही.

तैवानने १९८४ पासून बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली. पुढच्या दहा वर्षांत तिथल्या ६ ते १४ वयाच्या मुलांमधलं लिव्हरच्या कॅन्सरचं प्रमाण निम्म्यावर आलं. लस टोचून कॅन्सर अडवता येतो, हे जगाने पहिल्यांदा पाहिलं.

भुईआवळी आणि चंद्र

१९७६ मध्ये ब्लूमबर्ग यांना कार्लटन गायडुसेक यांच्यासोबत वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. त्यानंतरही ते थांबले नाहीत. आपल्याकडे काविळीवर आजी जी भुईआवळी देते, त्या जातीच्या वनस्पतीवरही त्यांनी काम केलं. मद्रासच्या संशोधकांबरोबरचा त्यांचा अभ्यास १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात ३७ पैकी २२ वाहकांच्या रक्तातून अँटिजेन नाहीसं झालं होतं. सगळीकडे खळबळ उडाली. पण पुढे इतरांनी प्रयोग करून पाहिले, तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. त्यामुळे हिपॅटायटिस बी असेल तर पाल्याच्या रसावर थांबू नका, डॉक्टर गाठा.

१९८९ मध्ये ते ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजचे प्रमुख झाले. हे पद मिळालेले ते पहिले अमेरिकन. सत्तरी उलटल्यावर ‘नासा’च्या अॅस्ट्रोबायॉलॉजी इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक झाले, म्हणजे आता शोध परग्रहांवरच्या जीवसृष्टीचा! ५ एप्रिल २०११ रोजी कॅलिफोर्नियात नासाच्याच केंद्रावर चंद्रावरच्या संशोधनाची एक परिषद होती. तिथे भाषण केल्यावर थोड्याच वेळात त्यांचं निधन झालं. वय ८५. त्यांच्या वाढदिवसाला पहिला जागतिक हिपॅटायटिस दिन साजरा झाला तो त्याच वर्षी, त्यांच्यानंतर जेमतेम चार महिन्यांनी. त्यांच्यासोबत काम केलेल्या ऑल्टर यांना २०२० मध्ये हिपॅटायटिस सीच्या शोधासाठी नोबेल मिळालं.

तुमचं कार्ड बघितलंत?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात २५ कोटी ४० लाख लोकांना हिपॅटायटिस बीची कायमची लागण होती. त्यांपैकी सुमारे ३ कोटी भारतात. बहुतेकांना ते माहीतच नाही.

सरकारी लसीकरणात ही लस टप्प्याटप्प्याने आली, देशभर पोहोचली ती २०११ मध्ये. आज कॉलेजात असलेल्यांचा जन्म त्याआधीचा. म्हणजे तुम्हाला ती मिळाली असेलच असं नाही. घरी आईला विचारा, लसीकरणाचं कार्ड शोधा. नसेल तर साधी रक्ततपासणी करून घ्या आणि निगेटिव्ह असाल तर तीन डोस घ्या. दुसरा डोस एका महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. पॉझिटिव्ह आलात तर घाबरू नका. विषाणूला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या आहेत, आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

आणि एखादा मित्र पॉझिटिव्ह निघाला, तर त्याचा डबा वेगळा करू नका. हा आजार रक्तातून, असुरक्षित संबंधांतून, टॅटूच्या किंवा इंजेक्शनच्या दूषित सुईतून, दुसऱ्याचं रेझर वापरल्याने पसरतो. एकत्र जेवल्याने किंवा गळाभेटीने नाही. वाहकांना लोक वाळीत टाकतील, ही काळजी ब्लूमबर्ग यांनी सत्तरच्या दशकातच लिहून ठेवली होती.

कॉलेजच्या कॅम्पमध्ये तुम्ही रक्तदान करता, तेव्हा तुमची पिशवी पुढे जाण्याआधी तिची एक तपासणी होते, एचबीएसएजी. अनेक लॅबच्या रिपोर्टवर त्याच्या शेजारी कंसात आजही जुनं नाव छापलेलं असतं : ऑस्ट्रेलिया अँटिजेन.