पंडिता रमाबाई आणि आरोग्याचे दान

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न पुनःपुन्हा पुढे येतो. घरात कोणी दुखणाईत पडले, मंडळीने प्रार्थना केली, पाळकांनी येऊन डोक्यावर हात ठेवला, आणि तरीही दुखणे हटले नाही, म्हणजे शेजारीपाजारी विचारू लागतात की, तुमचा देव कोठे गेला? त्याहून अधिक बोचणारा प्रश्न घरातलीच माणसे आपल्या मनास विचारतात : आमच्या विश्वासात काही उणे होते काय? मग कोणी म्हणतो, दवाखान्याची पायरी चढलो हाच अविश्वास झाला. दुसरा कोणी निराश होऊन रात्रीच्या अंधारात देवऋषीकडे अंगारा आणावयास जातो. अशा बंधुभगिनींपुढे आज आम्ही पंडिता रमाबाईंचे चरित्र ठेवीत आहो. बाईंचे नाव ज्यास ठाऊक नाही असे ख्रिस्ती घर महाराष्ट्रात विरळा. परंतु बाई कानांनी अधू होत्या आणि ते अधूपण त्यांच्या मरणापर्यंत दूर झाले नाही, ही गोष्ट फारशी कोणी ध्यानात घेत नाही. वरील प्रश्नाचे उत्तर शोधणाराने ती अवश्य ध्यानात घ्यावी.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये अशी रूढी असताही त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस ती भाषा शिकविली, आणि लक्ष्मीबाईंनी ती आपल्या मुलीस शिकविली. पुढे हे कुटुंब तीर्थे करीत व पुराणे सांगत देशभर फिरू लागले. त्यांची निष्ठा खरी होती. उपास, स्नाने, जप, दानधर्म यांत त्यांनी काही राखून ठेविले नाही. परंतु १८७० नंतरच्या वर्षांत मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा जवळचा पैका संपला, भांडीकुंडी व दागिने विकले गेले, आणि रानातील पाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. आधी वडील गेले, मग आई, आणि पुढे वडील बहीण. देवास इतके दिल्यावर देव आपणांस उलट देईल ही आशा त्या रानात फोल ठरली. हा धडा रमाबाई कधीही विसरल्या नाहीत.

उरलेली दोन भावंडे, श्रीनिवासशास्त्री व रमाबाई, पायी प्रवास करीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या तरुणीची विद्वत्ता पाहून तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊही वारला. त्याच वर्षी बाईंनी बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला आणि त्या आसामातील सिलचर येथे राहावयास गेल्या. तेथे घरातील पुस्तकांत त्यांस एक लहानसे बंगाली पुस्तक सापडले. ते लूककृत शुभवर्तमान होते.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. चार शुभवर्तमानांपैकी जे बाईंच्या हाती प्रथम आले ते एका वैद्याने लिहिलेले होते. लूक हा पौलाचा प्रिय सोबती असून वैद्यकी जाणणारा होता, असे पौलाच्याच पत्रावरून आम्हांस कळते. पौलाच्या हातून अनेक रोगी बरे झाले, तरी त्याने या वैद्यास आपल्या सोबत ठेविले. प्रार्थना व औषध यांत वैर असते तर प्रेषिताच्या बरोबर वैद्य कशास असता?

सिलचरचा संसार फार दिवस टिकला नाही. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबूंस महामारीने नेले. तेविसाव्या वर्षी बाई विधवा झाल्या, आणि तान्ही मुलगी घेऊन पुण्यास आल्या. त्या वर्षी सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या : मुलींकरिता स्त्री-शिक्षक, आणि स्त्रियांकरिता स्त्री-डॉक्टर. पुरुष वैद्यापुढे जावयाचे नाही म्हणून किती बायका विनाऔषध मरतात, हे त्यांनी साहेबांपुढे स्पष्ट मांडिले. पुढे १८८५ साली हिंदी स्त्रियांच्या औषधोपचारासाठी लेडी डफरिन यांच्या नावाने फंड निघाला. त्या कामास ज्यांच्या शब्दांनी बळ आले त्यांत रमाबाईंची गणना होते.

इतरांनी डॉक्टर व्हावे एवढे बोलून त्या थांबल्या नाहीत. आपणच वैद्यकी शिकावी असा त्यांनी निश्चय केला. स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहून प्रवासखर्च उभारला, आणि १८८३ साली मनोरमेस घेऊन त्या इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमात त्यांची व्यवस्था झाली. परंतु तेथे कळून आले की बाईंच्या कानांत दोष आहे, आणि ज्यास नीट ऐकू येत नाही त्यास हे शिक्षण घेता येणार नाही. समुद्र ओलांडून, आप्तइष्टांचा रोष पत्करून ज्या एका गोष्टीकरिता त्या आल्या होत्या तिचेच दार बंद झाले.

त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी बाईंचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्म्याच्या पाण्याने त्यांचे कान उघडले नाहीत. ज्याने बहिऱ्यांचे कान उघडले त्या प्रभूवर त्यांनी विश्वास ठेविला, आणि स्वतः बहिऱ्या राहिल्या. ते बहिरेपण पुढे वाढतच गेले. एखादा नवस फेडून न घेणाऱ्या दैवतास जसे सोडून देतात तसे त्यांनी ख्रिस्तास सोडले नाही. आमच्या मते याचे कारण हे की, त्या ख्रिस्ताकडे सौदा करावयास आल्याच नव्हत्या. देवाशी देवाणघेवाण करून काय मिळते हे त्यांनी आईबापांच्या मरणात पाहिले होते. ख्रिस्तामध्ये त्यांस मोल न घेता प्रीती करणारा देव भेटला होता.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. निमित्त होते त्यांच्या आप्त आनंदीबाई जोशी यांस फिलाडेल्फिया येथे डॉक्टरीची पदवी मिळण्याच्या समारंभाचे. जी पदवी कानांमुळे आपणांस मिळू शकली नाही ती आपल्या बहिणीस मिळताना बाईंनी आनंदाने पाहिली. परंतु पुढल्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई क्षयाने वारल्या; तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. औषध ही देवाची देणगी खरी, पण जीवनमरणाच्या किल्ल्या वैद्याच्याही हाती नाहीत.

स्वदेशी परतून बाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांकरिता शारदा सदन काढले, आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. याच सुमारास त्यांच्या जिवात एक मोठी गोष्ट घडली. बाप्तिस्म्यास आठ वर्षे होत आली होती, तरी मनास शांती नव्हती. ख्रिस्ताचा धर्म आपणांस मिळाला, पण ख्रिस्त स्वतः अजून मिळाला नाही, असे त्यांस उमगले. मग आपल्या कर्तबगारीचा सर्व भरवसा टाकून त्या जशा होत्या तशा प्रभूच्या पायांशी गेल्या, आणि त्यांस शांती लाभली. त्यांच्या सर्व आयुष्यात जे आरोग्य त्यांस पूर्णपणे मिळाले ते हे. कान तसेच राहिले. अंतःकरण मात्र बरे झाले.

या बऱ्या झालेल्या अंतःकरणाचे फळ लवकरच दिसून आले. १८९६-९७ साली मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रानातील पाल्यावर काढलेले आपले दिवस बाईंस आठवले, आणि त्या स्वतः तिकडे जाऊन सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगाची साथ चालू असल्याने एवढ्या जणींस शहरात ठेवण्याची सोय नव्हती. केडगाव येथे बाईंनी शेतजमीन घेऊन ठेविली होती. तेथेच राहुट्या व झोपड्या उभारून या मुलींस ठेविले, आणि त्यांतून मुक्ती सदन उभे राहिले. १९०० सालच्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

या मुली कशा स्थितीत येत ते आजच्या वाचकांस कल्पनेने जाणता येणार नाही. अंगावर हाडे व कातडी, फोड व जखमा. कित्येकींस अन्न पुढे ठेविले तरी पचत नसे. अशांपुढे केवळ उपदेश करून भागते काय? मुक्तीत विहिरी खणल्या गेल्या, पथ्याचे अन्न रांधले गेले, दवाखाना चालला, मुलींस रोग्यांची शुश्रूषा शिकविण्यात आली. आणि त्याच अंगणात पहाटेपासून प्रार्थना चालत असे. १९०५ साली तेथे जे मोठे आत्मिक जागरण झाले त्याच्या आधी कित्येक महिने शेकडो जणी दररोज प्रार्थनेस जमत. बाईंच्या घरी गुडघे टेकणारे हात व जखमा धुणारे हात एकच होते. तरीही कित्येक मुली वाचल्या नाहीत. त्यांस मूठमाती देऊन बाई परत येत, आणि उरलेल्यांच्या अन्नाच्या व्यवस्थेस लागत.

मुक्तीतील एका घराची गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. आंधळ्या बायकांमुलींकरिता बाईंनी जे घर केले त्यास बार्तीमी सदन असे नाव दिले. बार्तीमय कोण हे आमच्या शब्बाथशाळेतील लेकरेही सांगतील. यरीहोच्या वाटेवर भीक मागत बसलेल्या त्या आंधळ्याने प्रभूस हाक मारली, आणि त्यास दृष्टी आली. परंतु बार्तीमी सदनात राहणाऱ्या बायकांस दृष्टी आली नव्हती. मग हे नाव का? बार्तीमय वाटेवर बसला असता लोक त्यास गप्प बसवीत होते. प्रभू मात्र त्याच्याकरिता थांबला. मुक्तीत या बायकांकरिता कोणीतरी थांबले. मनोरमाबाईंनी अमेरिकेत असता आंधळ्यांस उठावाची अक्षरे शिकविण्याची विद्या मिळविली होती. ज्या बायका भिकेवाचून दुसरा धंदा जाणत नव्हत्या त्या बोटांनी शास्त्र वाचू लागल्या, हातांनी विणू लागल्या. डोळे उघडले नाहीत, तरी भिकेची वाट सुटली. यास आरोग्य म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे?

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत बाईंनी एक अवघड काम अंगावर घेतले. खेड्यातील साध्या बायांस समजेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र उतरवावे, म्हणून त्यांनी उतारवयात इब्री व हेल्लेणी या भाषांचा अभ्यास केला. खिळे जुळविणे, छापणे ही कामेही मुक्तीतील बायकाच करीत. हे काम संपत आले असता जो घाव बसला तो सर्वांत मोठा होता. मनोरमाबाई आजारी पडल्या. त्यांस उपचाराकरिता मिरजेस नेण्यात आले. मुक्तीतील प्रार्थनेस खंड नव्हता आणि मिरजेच्या डॉक्टरांची कीर्ती तर दूरवर पसरलेली होती. तरी २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमाबाई प्रभूमध्ये निजल्या. जी मुलगी मुक्तीचा भार उचलील अशी आशा होती ती आईच्या आधी गेली.

अशा वेळी कोणाचा विश्वास उणा होता असे म्हणावे? बाईंचा? मनोरमेचा? की त्या शेकडो प्रार्थना करणाऱ्यांचा? आमची जीभ तसे म्हणावयास धजत नाही, आणि आपल्या गावातील एखाद्या गरीब घराविषयीही ती धजू नये. बाईंनी राहिलेले काम पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या आपल्या प्रभूकडे गेल्या. त्यांचे शास्त्र १९२४ साली छापून निघाले. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार मुलींस व स्त्रियांस आसरा देत आहे.

आमच्या उपदेशक बंधूंनी या चरित्रातून तीन गोष्टी मनात धराव्या. दुखणाइताच्या घरी प्रार्थना करण्यास कधी मागेपुढे पाहू नये. कारण देव बरे करितो, आणि मागण्याची आज्ञा त्यानेच दिली आहे. प्रार्थना करून उठल्यावर रोग्यास दवाखान्यात पोहोचविण्यास बैलगाडी किंवा मोटर मिळते की नाही ते स्वतः पाहावे. वैद्य लूकाचे शुभवर्तमान वाचणाऱ्यांस यात लाज नाही. आणि रोगी बरा झाला नाही तर त्याच्या विश्वासाचे माप काढू नये. पौलाच्या शरीरातील काटा तीनदा विनंती करूनही निघाला नाही, आणि त्रफिम यास पौलाने आजारी असताच मिलेत येथे ठेविले. बरे होणे ही देवाची देणगी आहे. ती विश्वासाची मजुरी नव्हे. ज्या घरात दुखणे राहिले तेथे मंडळीचे पाऊल अधिक वेळा पडावे, तेथील लेकरांच्या भाकरीची विचारपूस व्हावी.

ज्या बाईंस स्वतःस ऐकू येत नव्हते त्यांनी हजारो अनाथांचा आक्रोश ऐकिला. प्रभू आम्हां सर्वांस असे कान देवो.