अधू कानांचा नादवेडा

थॉमस आल्वा एडिसन यांचे नाव घेताच डोळ्यांसमोर विजेचा दिवा उभा राहतो, आणि बहुतेक चरित्रकथाही त्या दिव्यापाशीच रेंगाळतात. आम्हांस मात्र त्यांचा दुसरा एक ध्यास अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. गाणाऱ्याचा जिवंत सूर जसाच्या तसा घराघरांत पोहोचवावा, हा तो ध्यास. आणि तो ज्यांनी घेतला त्यांना बालपणापासूनच नीट ऐकू येत नव्हते!

अमेरिकेतील ओहायो राज्यात, मिलान या गावी, ११ फेब्रुवारी १८४७ रोजी त्यांचा जन्म झाला. शाळा अल्पकाळच लाभली. आगगाडीत वर्तमानपत्रे विकून व पुढे तारायंत्रावर काम करून त्यांनी उदरनिर्वाह केला. १८७७ च्या डिसेंबरात कथिलाचा वर्ख गुंडाळलेले नळकांडे फिरवीत त्यांनी एका बालगीताच्या ओळी म्हटल्या, आणि यंत्राने त्या परत ऐकविल्या. जगाने तोंडात बोट घातले; परंतु आवाज खरखरीत होता आणि वर्ख लवकरच झिजे. मध्यंतरी सुमारे दहा वर्षे दिव्याने खाल्ली. मग वर्खाच्या जागी मेण आले, आणि १९१२ साली हिऱ्याच्या सुईने वाजणाऱ्या जाड तबकड्या आल्या.

गाणे पारखताना एडिसन फोनोग्राफच्या लाकडात चक्क दात रुतवीत! लाकडाचे कंप दातांतून व कवटीच्या हाडांतून आत पोहोचत. कोणाचे गाणे मुद्रित करावयाचे याचा निवाडाही पुष्कळदा तेच करीत, आणि स्वर थरथरविणारा गायक त्यांना मुळीच खपत नसे. हा हट्ट आम्हांस पटत नाही. श्रोत्यांना काय रुचेल ते एकट्याने का ठरवावे?

१९१५ पासून सुमारे दहा वर्षे त्यांच्या कंपनीने गावोगावी जाहीर परीक्षा मांडल्या. गायिका यंत्राशेजारी उभी राहून त्याच्यासह गाई, मधूनच ओठ मिटून घेई. दिवे मालविले जात. पुन्हा उजेड होई तेव्हा गाणे चालूच असे, पण गायिका मात्र केव्हाच निघून गेलेली! श्रोते थक्क होत. यातली मेख अशी की, या प्रयोगांत गाणाऱ्या ॲना केस यांनी उतारवयात सांगितले की, त्या आपलाच आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घेत असत. मग यंत्र माणसासारखे झाले होते, की माणूस यंत्रासारखा?

१९२५ साली प्रतिस्पर्ध्यांनी मायक्रोफोनद्वारा ध्वनिमुद्रण सुरू केले. एडिसन यांनी ते स्वीकारण्यास १९२७ उजाडले. १९२९ च्या ऑक्टोबरात त्यांच्या कंपनीने तबकड्यांचा व्यवसायच बंद केला, आणि १८ ऑक्टोबर १९३१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या यंत्रात एक उणीव अखेरपर्यंत राहिली. मैफलीत गवई समोर, तबला एका बाजूस, पेटी दुसऱ्या बाजूस, हे आपले दोन कान डोळे मिटूनही ओळखतात. त्या यंत्रातून मात्र सारे नाद एकाच मुखातून येत. एडिसन यांच्या मृत्यूस दोन महिने होण्यापूर्वीच, १४ डिसेंबर १९३१ रोजी, ॲलन ब्लमलाइन या २८ वर्षांच्या इंग्रज अभियंत्याने दोन वाटांनी ध्वनी टिपण्याच्या व ऐकविण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज दाखल केला. आज घराघरांतील स्टिरिओ वाजतो तो त्याच तत्त्वावर.