कृत्रिम खुब्याचे जनक : सर जॉन चार्नली

खुब्याचे दुखणे बळावले की ओटीपोटाचा आणि दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढला जातो. निरोगी सांध्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा आणि ओटीपोटाच्या हाडातील खोबण यांच्यामध्ये एक काळी फट दिसते. ही कूर्चेची जागा. कूर्चा झिजली की फट मिटते, हाडावर हाड घासते आणि चार पावले टाकणेही असह्य होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा रुग्णांसाठी भरवशाचा उपाय नव्हता. तो दिला ब्रिटिश अस्थिशल्यविशारद जॉन चार्नली यांनी.

चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी लँकेशायरमधील बेरी या गावी झाला. वडील औषधविक्रेते, तर आई परिचारिका. मँचेस्टर विद्यापीठातून १९३५ साली ते डॉक्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लष्करी वैद्यकीय दलात काम केले. हातात शस्त्रक्रियेचे कौशल्य आणि डोक्यात यंत्रशास्त्र, असा दुर्मीळ योग त्यांच्या ठायी होता.

त्या काळी बसवल्या जाणाऱ्या अ‍ॅक्रिलिकच्या माथ्याचा एक रुग्ण त्यांच्याकडे आला. चालताना त्याचा सांधा करकरत असे. ही करकर म्हणजे अतिघर्षणाची खूण, हे चार्नली यांनी ओळखले. घर्षणामुळेच कृत्रिम माथा हाडात सैल होतो, असे अनुमान त्यांनी काढले. रायटिंग्टन येथील जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्यांनी काम सुरू केले. पोलादाचा जेमतेम २२ मिलिमीटर व्यासाचा गोळा, टेफ्लॉनची वाटी आणि दंतवैद्यकातून घेतलेले अ‍ॅक्रिलिक सिमेंट अशी त्यांची रचना होती. रुग्ण वेदनामुक्त होऊन चालू लागले.

हे यश टिकले नाही. दोन-तीन वर्षांत एक्स-रेमध्ये पोलादी गोळा वाटीत खोल रुतलेला दिसू लागला. टेफ्लॉन झिजत होते आणि त्याचे कण भोवतालच्या ऊतींचा दाह वाढवत होते. सुमारे तीनशे रुग्णांवर हे संकट कोसळले. चार्नली यांनी अपयश लपवले नाही. अनेक रुग्णांवर त्यांनी स्वतःच पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. टेफ्लॉनचा शरीरावरील परिणाम तपासण्यासाठी त्याचा नमुना स्वतःच्या मांडीत बसवून घेतला.

१९६२ साली एका विक्रेत्याने यंत्रमागांच्या दातेरी चाकांसाठी वापरले जाणारे पॉलिएथिलीन त्यांच्या कार्यशाळेत आणले. चार्नली यांनी नखाने ओरखडून पाहिले आणि ते नापसंत केले. मात्र त्यांचे तंत्रसाहाय्यक हॅरी क्रेव्हन यांनी ते झीजयंत्रावर चढवले. टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजे, तितकेही हे प्लास्टिक तीन आठवड्यांत झिजले नाही. निष्कर्ष पाहताच चार्नली यांनी आपले मत बदलले. नोव्हेंबर १९६२ मध्ये नव्या वाटीची पहिली शस्त्रक्रिया झाली.

या वेळी त्यांनी घाई केली नाही. प्लास्टिक एक्स-रेत दिसत नाही, म्हणून वाटीत तारेची खूण ठेवली गेली. तार आणि गोळा यांमधील अंतर वर्षानुवर्षे मोजून झीज ठरवता येऊ लागली. ती वर्षाला सरासरी ०.१५ मिलिमीटर इतकी अल्प भरली. पुरेसा अनुभव गाठीशी येईपर्यंत हा सांधा सर्रास विकण्यास त्यांनी परवानगी दिली नाही. ज्या शल्यविशारदांना तो बसवायचा असे, त्यांना आधी रायटिंग्टनला येऊन तंत्र शिकावे लागे. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी त्यांनी शस्त्रक्रियागृहात शुद्ध हवेचा बंदिस्त कक्ष उभारला. मृत्यूनंतर सांधा अभ्यासासाठी परत देण्याची संमती अनेक रुग्णांनी आनंदाने दिली.

१९७४ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला, तर १९७७ साली ‘सर’ हा किताब. ५ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. आज गोळा धातूचा असो वा सिरॅमिकचा, जगभरातील बहुतेक कृत्रिम खुब्यांत तो पॉलिएथिलीनच्या वाटीतच फिरतो. आणि तो नीट बसला आहे ना, हे आजही सर्वप्रथम एक्स-रेवरच पाहिले जाते.