गाडीचा ‘सेल्फ’ शोधणारा माणूस: चार्ल्स केटरिंग

जुन्या गाडीची चावी फिरवली आणि आतून नुसता ‘कट’ आवाज आला, की मेकॅनिक बोनेट उघडायच्या आधीच सांगतो, सेल्फ घेत नाहीये. आपण सगळेच स्टार्टर मोटरला ‘सेल्फ’ म्हणतो. हा शब्द ‘सेल्फ-स्टार्टर’चा उरलेला अर्धा भाग आहे. माणसाने हँडल न मारता गाडी स्वतःच सुरू होते, म्हणून सेल्फ. आज भेटूया तो प्रत्यक्षात आणणाऱ्या इंजिनीअरला.

शेतावरचा मुलगा

चार्ल्स केटरिंग यांचा जन्म 1876 साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतावर झाला. डोळे लहानपणापासून कमजोर. वाचलं की डोकं दुखायचं. या त्रासापायी कॉलेज अर्धवट सोडावं लागलं. मधल्या काळात त्यांनी टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत काम केलं, मग परत कॉलेज गाठलं आणि 1904 मध्ये ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतून इलेक्ट्रिकल इंजिनीअर झाले. तेव्हा वय होतं 27. त्यामुळे ज्यांचं एखादं वर्ष मागे राहिलंय, त्यांनी फार टेन्शन घेऊ नका!

गल्ल्यातून आलेली आयडिया

पहिली नोकरी डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानातला गल्ला तेव्हा हाताने दांडा फिरवून चालवायचा. केटरिंगनी त्याला छोटी इलेक्ट्रिक मोटर बसवली. खरी गंमत इथेच आहे. गल्ल्याची मोटर दिवसभर फिरत नाही, क्षणभर जोर लावते आणि थांबते. मग एवढीशी मोटरही तेवढ्या वेळापुरता तिच्या क्षमतेपेक्षा जास्त भार उचलू शकते, कारण तापायच्या आत तिचं काम संपलेलं असतं.

1909 मध्ये त्यांनी एडवर्ड डीड्स यांच्याबरोबर ‘डेल्को’ ही कंपनी काढली. काम चालायचं डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात, म्हणजे आजच्या भाषेत गॅरेज स्टार्टअपच.

हँडलचा झटका

त्या काळी गाडी सुरू करायला समोर उभं राहून लोखंडी हँडल मारावं लागे. ठिणगीचं टायमिंग चुकलं की इंजिन उलटा झटका द्यायचं आणि हँडल हातावर आदळायचं. मनगट किंवा हात मोडण्याच्या घटना सर्रास व्हायच्या. कॅडिलॅकचे हेन्री लेलँड यांना हे थांबवायचं होतं.

अडचण अशी, की हिशोब मांडला तर इंजिन फिरवायला जवळपास इंजिनाएवढीच मोटर लागेल असं वाटायचं. पण हा हिशोब सतत चालणाऱ्या मोटरचा होता. केटरिंगनी वेगळा प्रश्न विचारला: हे काम किती वेळ करायचंय? काही सेकंद! म्हणजे गल्ल्याचीच युक्ती. छोटी मोटर, तिचा जोर वाढवणारे गिअर आणि बॅटरी. वर इंजिन सुरू झाल्यावर तीच मोटर डायनॅमो बनून बॅटरी चार्ज करायची. 1911 मध्ये प्रयोग यशस्वी झाला आणि 1912 च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ आला.

परिणाम मोठा झाला. मनगटात जोर नसलेल्यालाही आता पेट्रोल गाडी चालवता येऊ लागली. तेव्हाच्या इलेक्ट्रिक गाड्यांना हँडल लागत नसे. त्यांचा तो मोठा फायदाच निघून गेला. त्या मागे पडण्याचं हे एक महत्त्वाचं कारण.

हा नियम आजही लागू

सेल्फची मोटर अजूनही थोड्या वेळासाठीच बनवलेली असते. म्हणून एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. नाहीतर ती जळते. जुनी गाडी अडली तर आधी न्यूट्रल आणि हँडब्रेक, मग हेडलाइट लावून सेल्फ मारून बघा:

- लाइट एकदम मंद झाले: बहुतेक बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनलवर गंज चढलाय. अर्थिंगची वायरही घट्ट आहे का बघा.
- लाइट तसेच, पण फक्त ‘कट’: सोलेनॉइड किंवा कार्बन ब्रश तपासा.
- मोटर गरगर फिरते पण इंजिन ढिम्म: मोटरचा छोटा गिअर फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकत नाहीये.

जो प्रश्न विचारला नाही

पुढे डेल्को जनरल मोटर्समध्ये गेली आणि 1920 ते 1947 केटरिंग तिथले संशोधनप्रमुख होते. इंजिनातल्या ठोक्यांचा, म्हणजे नॉकिंगचा दोष लोक त्यांच्याच इग्निशन सिस्टिमला देत होते. त्यांच्या हाताखालच्या थॉमस मिजली यांनी 1921 मध्ये उपाय शोधला: पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग. ठोके थांबले, इंजिनं जोरदार झाली. ते विकायला काढलेल्या कंपनीचे पहिले अध्यक्ष केटरिंगच होते.

शिसं विषारी असतं हे तेव्हाही माहीत होतं. डॉक्टरांनी इशारे दिले, 1924 मध्ये हे संयुग बनवणारे कामगार विषबाधेने मेले. तरी विक्री थोडा काळ थांबून पुन्हा सुरू झाली. भारतात शिशाचं पेट्रोल 2000 साली बंद झालं, जगातून पूर्ण गेलं 2021 मध्ये.

केटरिंग यांचं निधन 1958 मध्ये झालं. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध कॅन्सर संशोधन संस्थेच्या नावात स्लोन यांच्यासोबत त्यांचंही नाव आहे. मोठा इंजिनीअर, यात शंकाच नाही. पण किती वेळ, या एका प्रश्नाने ज्याने सेल्फ शोधला, त्याने शिशाच्या बाबतीत तो प्रश्न विचारला नाही. मोटरचं काम काही सेकंदांत संपतं. धुरातलं शिसं मात्र मातीत आणि मुलांच्या रक्तात साचत राहिलं.

आपण कोड लिहितो, ॲप बनवतो, तेव्हा ते आज चालतंय का एवढंच बहुतेक वेळा बघतो. पुढच्या वेळी चावी फिरवताना केटरिंगचा प्रश्नही आठवा: हे किती वेळ चालणार आहे?