टंचाईच्या घरातली भरली घागर

राहुरीचं नाव निघालं की ऊस, कांदा आणि कृषी विद्यापीठ एवढंच आपल्या डोळ्यापुढं येतं. पण सव्वाशे वर्षांपूर्वी याच राहुरीत एक बाई संसार करत होत्या, ज्यांचं पुस्तक आजही मराठीत आवडीनं वाचलं जातं. त्यांचं नाव लक्ष्मीबाई टिळक. फुलामुलांचे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या त्या पत्नी. (लोकमान्य टिळक वेगळे. बऱ्याच जणांची गल्लत होते म्हणून सांगितलं.)

जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं आडनाव गोखले. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आणलेलं धान्यसुद्धा धुतल्याशिवाय घरात घ्यायचं नाही. बाईंना शाळा कधी मिळालीच नाही. अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा हुशार, मनानं राजा, पण पैसा हातात टिकायचा नाही. समोर कुणी गरजू आला की असेल ते देऊन मोकळे. कधी नागपूर, कधी राजनांदगाव, बिऱ्हाड सारखं फिरतीवर. त्यात लेकरंही दगावली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरच्यांना हे मागाहून कळलं. त्या काळात ब्राह्मण घरात याचा अर्थ काय होता, तो विचार करा. नवरा जिवंत, कपाळी कुंकू, तरी संसार मोडलेला. धाकट्या दत्तूला घेऊन बाई नातलगांकडे राहिल्या, कधी नाशिक, कधी पंढरपूर. रडणं झालं, आजारपण झालं, लोकांचं बोलणं ऐकून झालं. चार-पाच वर्षं अशीच गेली.

शेवटी त्या नगरला टिळकांकडे आल्या, पण आपला धर्म सोडून नव्हे. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही, उलट त्यांच्या सोवळ्याची सोय लावून दिली. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. मग एक दिवस बाईंनी स्वतःशीच विचार केला, की माणसं देवानं केली, पण जाती त्यानं केल्या का? उत्तर मिळालं आणि त्यांनी ठरवलं की यापुढं कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं, कुणाच्याही हातचं खायचं. वडिलांच्या घरात धान्य धुतलं जायचं, त्या घरची ही लेक! १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

म्हणून काही घरात सुबत्ता आली नाही. टिळकांचा पगार बेताचा आणि दारात माणसं कायम. अनाथ पोरं, शिकणारी मुलं, कुणीही यावं. बालकवी ठोंबरेही नगरला त्यांच्या घरी राहिले आणि बाईंनी त्यांना लेकरासारखं सांभाळलं. प्लेगची साथ आली तेव्हा जिथं लोक आपल्या माणसाजवळ जायला घाबरायचे, तिथं बाई रोग्यांची सेवा करायला गेल्या.

ख्रिस्ती लोक रोज जी प्रभूची प्रार्थना म्हणतात, तिच्यात भाकरीचं मागणं फक्त आजच्या दिवसापुरतं आहे. वर्षाच्या कणगीचं नाही. बाईंच्या घरात अनेकदा खरोखर आजच्यापुरतंच असायचं. त्या प्रवचन देत बसल्या नाहीत. पण 'स्मृतिचित्रे' वाचताना ध्यानात येतं, की ज्या प्रसंगावर दुसऱ्यानं नशिबाला शिव्या दिल्या असत्या, तिथं ही बाई हसते. दुःख लपवत नाही, नवऱ्यावरचा रागही लपवत नाही. पण सांगून झालं की हिशेबात मिळालेलंच जास्त निघतं. गेल्या साली माझा कांदा चाळीत सडला, तेव्हा हे पुस्तक मी दुसऱ्यांदा वाचलं. कांद्याला भाव आला नाही, पण झोप लागली.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. ख्रिस्ताच्या चरित्रावरचं त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुरुवातीच्या काही अध्यायांवरच थांबलं होतं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहिले. नंतरची काही वर्षं त्या मुलाबरोबर कराचीतही राहिल्या. 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात भागाभागानं छापून आलं. भाषा अगदी ओट्यावर बसून बोलावी तशी.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई वारल्या. पुढं त्यांच्या कवितांचं पुस्तक निघालं, त्याचं नाव 'भरली घागर'. आपल्या तालुक्यातल्या वाचनालयात 'स्मृतिचित्रे' असेल तर जरूर मागून घ्या. जाड आहे, पण थांबवत नाही.