जॉन बेल : प्रयोगशाळेतील मदतनीस ते शास्त्रज्ञ

मी कला शाखेचा विद्यार्थी. पदार्थविज्ञान दहावीनंतर सुटले ते सुटलेच. तरीही या अंकासाठी एका पदार्थवैज्ञानिकाचे चरित्र घेतले, कारण त्यांच्या घरची हकीगत वाचताना मला हिवरखेडचे आमचे घर आठवले. आमच्याकडे कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच.

जॉन स्टुअर्ट बेल यांचा जन्म २८ जुलै १९२८ रोजी उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. वडील घोड्यांची खरेदी-विक्री करीत, मिळकत बेताचीच. बाकीची तीन भावंडे चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सोडून कामाला लागली. एकट्या जॉनचे शिक्षण पुढे चालू राहिले. सोळाव्या वर्षी शाळा संपली, पण विद्यापीठाच्या प्रवेशाला वय कमी पडत होते आणि पैसाही नव्हता. तेव्हा १९४४ मध्ये ते क्वीन्स विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात मदतनीस म्हणून लागले. तेथील प्राध्यापक एमेलियस आणि स्लोन यांनी या पोराची ओढ ओळखली. त्याला पुस्तके दिली, पहिल्या वर्षाच्या तासांना बसू दिले. (आमच्या गुरुजनांनी एवढी ओळ जरूर वाचावी!) पुढच्याच वर्षी हा मदतनीस त्याच विभागाचा विद्यार्थी झाला.

पदवीनंतर इंग्लंडमध्ये अणुसंशोधन खात्यात नोकरी, तेथील सहकारी मेरी रॉस यांच्याशी १९५४ मध्ये विवाह, आणि १९६० पासून दोघेही जिनिव्हाच्या सर्न संस्थेत. पगार मिळे तो मूलकण आणि त्वरणयंत्रे यांवरील कामाचा. ज्या कामाने नाव झाले ते मात्र फावल्या वेळातले.

ते काम असे. एकत्र जन्मलेले दोन कण कितीही दूर गेले तरी त्यांची उत्तरे जुळतात. त्यांना गुंतलेले कण म्हणतात. समजा, चपलांच्या जोडातील एक चप्पल डब्यात घालून अकोटला पाठवली आणि दुसरी तेल्हाऱ्याला. अकोटवाल्याने डबा उघडून डावी पाहिली की तेल्हाऱ्यात उजवी आहे हे त्याला कळते. यात नवल ते काय? आइन्स्टाइन यांचे म्हणणे साधारण असेच होते, की कणांची उत्तरे निघतानाच ठरलेली असणार. पुंजसिद्धान्त म्हणतो, मोजेपर्यंत काहीच ठरलेले नसते. १९३५ पासून हा वाद चालू होता आणि तो कधी मिटेल असे वाटत नव्हते. बेल यांनी १९६४ मध्ये त्यावर गणित मांडले. दोन्ही टोकांना वेगवेगळ्या दिशांनी मोजायचे आणि हजारो जोड्यांची उत्तरे ताडून पाहायची. कण चपलांसारखे असतील तर जुळणी एका मर्यादेपुढे जाणार नाही. पुंजसिद्धान्त खरा असेल तर ती जाईल.

हा लेख त्यांनी एका नवख्या, पुढे लवकरच बंद पडलेल्या नियतकालिकाला दिला. त्या वेळी ते अमेरिकेत पाहुणे होते. छपाईचे शुल्क यजमानांकडे मागायला त्यांना संकोच वाटला आणि हे नियतकालिक शुल्क घेत नव्हते. प्रवेशाच्या वेळी फीच्या खिडकीपुढे घुटमळलेल्या कोणालाही हा संकोच समजेल.

अनेक वर्षे लेखाकडे फारसे कोणी पाहिले नाही. फ्रान्सचे तरुण संशोधक आस्पे प्रयोगाची कल्पना घेऊन भेटायला आले, तेव्हा बेल यांनी आधी त्यांच्या कायम नोकरीची चौकशी केली. या विषयापायी पोराच्या पोटावर पाय येऊ नये, ही काळजी! १९७२ मध्ये अमेरिकेत क्लाउझर आणि फ्रीडमन यांनी, मग १९८२ मध्ये आस्पे यांनी प्रयोग केले. जुळणी मर्यादा ओलांडून गेली. बेल यांचा ओढा आइन्स्टाइनकडे होता. निकाल उलट लागला, आणि तो त्यांच्याच गणिताने लागला.

१ ऑक्टोबर १९९० रोजी जिनिव्हात मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. त्यानंतर वर्षाच्या आतच, ऑगस्ट १९९१ मध्ये, ऑक्सफर्डच्या आर्टुर एकर्ट यांनी या गणिताचा व्यवहारी उपयोग दाखवला. गुंतलेल्या कणांची उत्तरे हीच गुप्त संदेशाची किल्ली. त्यांतील काही उत्तरे दोन्ही बाजूंनी उघड ताडून पाहायची. बेल यांची मर्यादा ओलांडली गेली तर किल्ली सुरक्षित. मध्ये कोणी कान लावला असेल तर कणांची गुंतण तुटते आणि चोरी उघडी पडते. निरोप मात्र नेहमीच्याच मार्गाने जातो, कणांतून उडत नाही. २०२० मध्ये चिनी उपग्रहाच्या साहाय्याने अशी किल्ली ११२० किलोमीटर अंतरावरील दोन ठिकाणी पोहोचली. २०२५ मध्ये दिल्लीच्या आय.आय.टी.त एक किलोमीटरहून अधिक अंतरावर मोकळ्या हवेतून हा प्रयोग झाला.

२०२२ चे नोबेल आस्पे, क्लाउझर आणि त्सायलिंगर यांना मिळाले. दिवंगतांचा त्या पारितोषिकासाठी विचार होत नाही.